साई सरांच्या गोष्टीतले बाबा

डोंबिवली (पूर्व)
११ जून २०२४

साई,

घरचा पत्ता तू दिलेला नाहीस आणि फोनवर मला ब्लॉक करून टाकलंयस, म्हणून हे पाकीट घोडबंदर रोडच्या तुझ्या ऑफिसात पाठवतेय. आधी दुसरंच कुणीतरी उघडेल. जे कोण असाल त्यांनी ऐका, मी तुमच्या साई सरांची सख्खी मोठी बहीण आहे, काही मागायला लिहिलेलं नाही, पत्र सरळ त्यांच्या हातात द्या.

कसा आहेस हे विचारत नाही. ते स्टेशनबाहेरच्या बॅनरवर दिसतंच. दात पांढरेशुभ्र करून घेतलेस ते बरं केलंस.

काल माझ्याकडे गाडी शिकायला येणाऱ्या अंतराने घरडा सर्कलला गाडी बंद पाडली. मागून हॉर्नचा नुसता कल्ला. मी म्हटलं, घाबरू नकोस, चावी फिरव. तर म्हणते, “मॅडम, साई सर सांगतात ना, घाबरायचं तर पहाटे चारला घाबरून घ्या, दिवसभर नाही.” मला हसू आलं. म्हटलं, बाई, तुझे साई सर माझा धाकटा भाऊ, लहानपणी पाल दिसली की स्टुलावर चढायचा. तशी तिने गाडी बाजूला घेतली, माझा हात धरला आणि म्हणाली, “किती सोसलंत हो मॅडम तुम्ही लोकांनी.”

मला कळेचना काय सोसलं. मग तिने मोबाइलवर व्हिडिओ लावला.

तू स्टेजवर उभा. मागे काळा पडदा, कानाला तो माइक. म्हणतोस, “मी चारला का उठायला लागलो माहितीये? माझा बाप दारू पिऊन रात्रभर आईला मारायचा. चारला कुठे त्याचा डोळा लागायचा. आमच्या घरात शांतता फक्त तेवढीच. त्या शांततेत मी घडलो.” आणि टाळ्या. बायका डोळे पुसतायत. तू पाणी पितोस आणि म्हणतोस, “परिस्थितीला दोष देऊ नका. गजर लावा.”

माझा पाय ब्रेकवर दाबलेला राहिला. गाडी उभीच होती तरी.

अरे मेल्या, तुला कसला गजर? तुला चारला बाबा उठवायचे. पहिल्या पाळीला जायच्या आधी स्वतः चहा करून तुझ्या उशाशी आणून ठेवायचे आणि तू उठून पुस्तक हातात घेईपर्यंत दारात उभे राहायचे. पाळी दुसरी असली, रात्री उशिरा आलेले असले, तरी चारला उठायचे, तुझ्या एकट्यासाठी. “मोठ्याने वाच, म्हणजे झोप येणार नाही,” हे कुणाचं वाक्य? तुझ्या पुस्तकात पहिल्याच पानावर ते तुझं म्हणून छापलंय.

आणि दारू! गावी आजोबा दारूनेच गेले, आजीला कसं मारायचे ते बाबांनी लहानपणी कोपऱ्यात बसून पाहिलं, म्हणून या माणसाने आयुष्यात थेंब तोंडाला लावला नाही. गटारीला कंपनीतले लोक ओढून न्यायचे तर हा लिंबूसोडा घेऊन बसायचा. तुला हे माहीत नाही असं सांगू नकोस. एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत सॉल्व्हंटवर काम होतं त्यांचं. डोक्यात वास चढायचा, डोळे लाल व्हायचे, कधी जिना चढताना तोल जायचा, आणि अंगाला असा वास की आई दारातच टॉवेल घेऊन उभी असायची. वास न ओळखणारे लोक तेव्हाही हसायचे. तू बाहेरचा होतास का? कंपनीत छातीसाठी म्हणून गुळाचा खडा देत, तो न खाता खिशातून तुझ्यासाठी आणायचे. तू आधी तो खिसा चाचपायचास.

तो व्हिडिओ काढून टाक. बाबांनी अजून पाहिलेला नाही. तुझे सवयींचे व्हिडिओ मी त्यांना टीव्हीवर लावून देते. तुला माहीत नसेल, पण रोज जेवण झालं की बघतात. तू काहीही बोललास तरी मान डोलवतात. हा दिसायच्या आत काढ.

ताई

१९ जुलै २०२४

साई,

तुझ्या ऑफिसचं पत्र मिळालं. खाली सही कुणा प्रियांकाची. “सरांच्या कथनाचा उद्देश प्रेरणा देणे हा असून वैयक्तिक बाबींवर सर चर्चा करत नाहीत.” सोबत तुझ्या शिबिराचं सवलतीचं कूपन. वा! सख्ख्या बहिणीला सवलत. प्रफुल्ल म्हणाला, जाऊन ये, नाश्ता असेल. नवरा माझा नेहमीसारखा हसण्यावारी नेतो. मला हसू आलं नाही.

खाली पेनाने तू चार ओळी लिहिल्यायस, त्या मी पुन्हा पुन्हा वाचल्या. “ताई, तू सॉल्व्हंट म्हणतेस. मी सात वर्षांचा होतो. मला लाल डोळे आठवतात, वास आठवतो आणि भीती वाटायची ते आठवतं. ते माझं खरं आहे. लोकांना तेवढंच पुरतं.”

भीती वाटायची हे मी मान्य करते. मलाही वाटायची. बाबा जिन्यात बसून राहिले की हे आता उठतील की नाही, ही भीती. पण मारायचे हे कुठून आलं रे? आईच्या अंगावर हात हे कुठे पाहिलंस तू? ते तर आजोबांचं. बाबांनी एकदाच, दिवाळीत, आपल्या दोघांना बसवून सांगितलेलं. तू ते उचललंस आणि त्यांच्याच गळ्यात अडकवलंस.

आता ऐक. व्हिडिओ आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर आला.

तुला आठवतं की नाही, की तेही पुसून टाकलंस? दहावी-बारावीचं वर्ष आलं की बिल्डिंगमधले आईबाप आपल्याकडे यायचे, “तानाजीकाका, आमच्या पोराला उठवाल का?” तू पास झाल्यावर सुरू झालं ते. कंपनी सुटली, पाय दुखायला लागले, पण बाबा चारला उठायचे, जिने चढायचे-उतरायचे, ज्याची परीक्षा त्याच्या खिडकीच्या ग्रिलवर बोटांनी वाजवायचे आणि दिवा लागून आतून “उठलो काका” आल्याशिवाय हलायचे नाहीत. या बिल्डिंगमधली किती मुलं इंजिनिअर झाली, नर्स झाली, एक तर तहसीलदार झाली, सगळी बाबांच्या बोटांवर. निकालाच्या दिवशी पेढा आधी देवाला आणि मग काकांना, ही इथली रीतच. मोबाइल आले तरी कुणी बंद केलं नाही. गजर बंद करून झोपता येतं, काकांना बंद करता येत नाही, असं पोरंच म्हणायची.

या वर्षी तिसऱ्या मजल्यावरची सान्वी दहावीला. जूनमध्येच तिची आई सांगून गेलेली, काका, यंदा आमचा नंबर. परवा आली ती दारातूनच म्हणाली, “काका, राहू दे हं, सान्वी आता मोबाइलवर उठते.” मग जाताना मला जिन्यात गाठून हळूच, “वाईट वाटून घेऊ नका ताई. मुलीची जात आहे. ह्यांनी व्हिडिओ पाहिला.”

मी तिथेच तिला धू धू धुतली. काय काय बोलले मला आठवत नाही, प्रफुल्लने आत ओढलं. पण त्या आरड्याओरड्यातून बाबांना कळलं. त्यांनी मला व्हिडिओ लावायला सांगितला. मी नाही म्हटलं तर प्रफुल्लला सांगितलं. पूर्ण पाहिला, पाणी पिण्यापर्यंत. मग म्हणाले, “जरा जाड झालाय. जेवण बाहेरचं असेल.”

एवढंच.

आता चारला उठतात आणि खुर्चीत बसून राहतात. चहा करायला गेले की भांडं वाजतं, म्हणून तोही करत नाहीत. मला तुझा इतका राग येतो ना साई, की शिकवताना पोरींवर खेकसते. ग्रुपवर एक ओळ टाक, माझे वडील दारू पीत नव्हते. फक्त बिल्डिंगच्या ग्रुपवर. तुझ्या त्या लाखो लोकांना मरू दे.

ताई

२० सप्टेंबर २०२४

साई,

ओळ टाकली नाहीस. त्याऐवजी गणपतीत बाबांना फोन केलास.

आरती चाललेली. प्रफुल्लच्या फोनवर तुझा फोन. बाबांनी टाळ खाली ठेवले आणि गॅलरीत गेले. आई गेल्यानंतर पहिल्यांदा तू त्यांच्याशी बोलत होतास, मधे किती गणपती गेले मोज तूच. आत आले तर चेहरा असा की मला वाटलं, सुटलो. पोराने माफी मागितली.

“साईने बोलावलंय,” म्हणाले. “ठाण्याला. दसऱ्यानंतर मोठा कार्यक्रम आहे. मला स्टेजवर घेणार आहे.”

“कशासाठी?”

“बाप म्हणून.”

मी खोदून खोदून विचारलं. तेव्हा कळलं, कार्यक्रमाचं नाव ‘क्षमेची पहाट’. तू तिथे बाबांना माफ करणार. यशस्वी माणसाची शेवटची आणि सगळ्यात मोठी सवय म्हणे माफ करणं. तुझ्या नव्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण तेच.

तुला लाज कशी नाही वाटत? मी हे रागाने नाही विचारत, खरंच विचारतेय. लाज वाटायची सवय मोडायला काय करावं लागतं? त्याचं शिबिर आहे का तुझ्याकडे?

मी बाबांना म्हटलं, जायचं नाही. ते म्हणाले, “अगं, एवढ्या वर्षांनी बोलावतोय. नाही कसं म्हणू?” मी म्हटलं, तो तुम्हाला चारचौघांत दारुडा म्हणेल. तर म्हणाले, “समोर उभा राहिलो की नाही म्हणणार. माझ्याकडे बघून त्याला जमणार नाही. ओळखतो मी त्याला.”

ऐकलंस? अजून हा भरवसा आहे तुझ्यावर. म्हणून पुन्हा लिहितेय, नाहीतर तोंड बघितलं नसतं. मला व्हिडिओ काढून नको, माफी नको, काही नको. त्यांना स्टेजवर घे, खांद्यावर हात ठेव आणि एवढंच म्हण, “मला हे उठवायचे.” तुझं दुकान बंद पडणार नाही त्याने. उलट लोक आणखी रडतील. पण सान्वीच्या आईपासून बाराव्या गल्लीतल्या वाण्यापर्यंत सगळ्यांना कळेल. बाबा पुन्हा मान वर करून खाली उतरतील. माझी शपथ आहे तुला, आईची शपथ आहे.

ताई

२१ ऑक्टोबर २०२४

साई,

आम्ही आलेलो. तिसऱ्या रांगेत होतो. तू पाहिलंस आणि न पाहिल्यासारखं केलंस.

आदल्या दिवशी तुझ्या प्रियांकाचा फोन. “काकांना साधा, जुना शर्ट घाला प्लीज. कडक इस्त्री नको.” बाबांनी त्या दिवसासाठी पांढरा शर्ट भट्टीला देऊन आणलेला. तो परत हँगरला लावला आणि घरात घालायचा निळा चढवला. मी म्हटलं, बाबा, पांढराच घाला, कोण लागून गेलीय ती? तर म्हणे, “तिच्या साहेबाचा कार्यक्रम आहे. तिला ओरडा बसेल.”

स्टेजवर नेताना त्यांना दोन्हीकडून धरलेलं. अरे, बाबा अजून आधाराशिवाय चालतात! पण धरून आणलं की दारुड्यासारखं दिसतं. हे कुणाच्या डोक्यातून आलं, तुझ्या की तिच्या? मागच्या पडद्यावर बाटलीचं चित्र, हळूहळू फुटणारं. संगीत. त्यांना खुर्चीत बसवलं आणि तू गुडघ्यावर बसलास बाबांच्या पायाशी. मी मनात म्हटलं, बोल. आता बोल. एक वाक्य.

तू म्हणालास, “बाबा, तुम्ही माझं बालपण घेतलंत. आईचं हसू घेतलंत. पण आज, या सगळ्यांच्या साक्षीने, मी तुम्हाला माफ करतोय.”

आणि माइक त्यांच्या तोंडापुढे धरलास.

बाबा तुझ्याकडे बघत होते. मला दिसत होतं, वाट बघतायत. तुला जमणार नाही म्हणाले होते ना, ते तुला जमलं होतं आणि तरी ते थांबलेले, अजून काहीतरी बोलशील म्हणून. मग त्यांनी हात जोडले. म्हणाले, “हो. मी प्यायचो. चुकलं माझं.”

लोक उभे राहिले. मोबाइलचे दिवे लावले. माझ्या शेजारची बाई हुंदके देत होती आणि मला म्हणाली, “काय हिंमत आहे हो त्या बाबांची.” मी तिच्या अंगावर ओरडले, खोटं आहे हे, माझे वडील आहेत ते, खोटं आहे! तुझा तो काळ्या टी-शर्टातला मुलगा आला आणि म्हणाला, मॅडम, इमोशनल झालात, बाहेर पाणी आहे. मला बाहेर काढलं. आपल्याच बापाच्या कार्यक्रमातून.

परत येताना गाडी मीच चालवत होते. शिळफाट्यापर्यंत कशीबशी आले. मग फुटले. का बोललात? का? तुमच्या तोंडून का?

बाबा म्हणाले, “त्याचं दुकान आहे ते, संचू. भरल्या गिऱ्हाइकांत उभं राहून बापानेच माल खोटा आहे म्हणायचं? मी काय, आज आहे उद्या नाही. त्याला पुढे जायचंय.”

तू यशाच्या सवयी शिकवतोस ना लोकांना? ही लिहून घे. बापाने केलेली आहे, तुला जमायची नाही.

संचिता

९ डिसेंबर २०२४

साई,

हे पत्र भांडायला नाही. मी घाबरलेय म्हणून लिहितेय. नीट वाच.

कार्यक्रमाचा व्हिडिओ सगळीकडे गेला. आता लोक बाबांना भेटायला येतात. जिन्यात हात हातात घेतात. ठाकुर्लीहून एक माणूस आपल्या पिणाऱ्या भावाला घेऊन आला, “काका, ह्याला दोन शब्द सांगा.” मला वाटलं, बाबा हात झटकतील. ते सांगायला बसले. कसं सोडलं, पहिला आठवडा किती कठीण असतो, पोटात कसं ढवळतं. मी स्वयंपाकघरात ऐकत होते. यांना हे माहीत कसं? मग लक्षात आलं, आजोबांचं सांगतायत. गावच्या घरात कोपऱ्यात बसून जे पाहिलं, ते सगळं. “बायकोला चुलीतल्या लाकडाने मारलं मी,” म्हणाले. साई, आपल्या घरी चूल कधी होती? आईने गॅसवर स्वयंपाक केला जन्मभर.

मला वाटलं, येणाऱ्यांची समजूत काढायला बोलतायत. तो माणूस गेल्यावर हसत म्हटलं, काय बाबा, नाटकात काम करणार का आता? ते हसले नाहीत. मला जवळ बसवलं आणि विचारलं, “संचू, तू मोठी होतीस. तुला आठवत असेल. माझ्या हातून नंदाला, तुझ्या आईला, कधी लागलं का गं?”

मी ओरडलेच. कधीच नाही. देवाशप्पथ नाही.

“मग साई रडला का?” म्हणाले. “स्टेजवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडत होता. पँट भिजली माझी. मुलगा माझा तो. उगाच कित्याक रडतलो?” गावचं बोलायला लागले की समजायचं, आतून हललेत. “डोक्यात वास चढलेला असायचा माझ्या. कितीदा घरी कसा आलो तेच कळायचं नाही. त्या वेळात काय केलं असेन मी? मला कुठे माहीत आहे?”

तुला कळतंय का काय झालंय? स्टेजवर ते तुझ्यासाठी खोटं बोलले. मुद्दाम, समजून उमजून. आता त्यांना ते खरं वाटायला लागलंय, कारण तू खरा रडलास. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले स्मरणशक्ती वयाच्या मानाने ठणठणीत आहे, मनाला लावून घेतलंय, जवळच्या माणसाने समजवावं. मी रोज समजावते. ते म्हणतात, “तू बापाची बाजू घेणारच.” प्रफुल्लने सांगितलं तर म्हणे, तू जावई, तू तेव्हा होतास कुठे?

आता फक्त तुझं ऐकतील. ज्याने सांगितलं त्यानेच खोडलं पाहिजे. कॅमेरा नको, ग्रुप नको, कुणाला कळायला नको. एका रविवारी ये, दार लावून त्यांच्यासमोर बस आणि म्हण, बाबा, मी बनवून सांगत होतो. मी त्या वेळी खोलीतही थांबणार नाही. नंतर जा, तुझं जे चाललंय ते चालू दे, मी जन्मात तुला एक शब्द बोलणार नाही. तुझ्या पाया पडते साई. धाकट्याच्या पाया पडतेय मी.

ताई

२ फेब्रुवारी २०२५

साईनाथ,

प्रियांकाचं उत्तर आलं की मार्चपर्यंत सरांच्या तारखा भरलेल्या आहेत. ठीक आहे. आता येऊ नकोस. का, ते सांगते.

मागच्या आठवड्यात विठ्ठलवाडीहून आवडामावशी आली. मीच बोलावलं. म्हटलं, आईची सख्खी बहीण, बाळंतपणाला आपल्याकडे येऊन राहिलेली, तिने सगळं घर आतून पाहिलंय. तिचं तरी बाबा ऐकतील. मी तिला काही पढवलं नाही. हीच चूक झाली.

बाबा तिला बघून उठले आणि सरळ तिच्या पायावर डोकं ठेवलं. “आवडा, तुझ्या बहिणीला मी फार छळलं. ती गेली, आता तुझ्याशिवाय कुणाची माफी मागू?” मी मावशीकडे बघतेय, की आता म्हणेल, भावोजी, वेड लागलंय का तुम्हाला?

मावशीने पदराने डोळे पुसले. म्हणाली, “झालं ते झालं भावोजी. नंदा सोसणारी होती. माझ्याजवळसुद्धा कधी बोलली नाही हो. साईचा व्हिडिओ बघितला तेव्हा मला कळलं.”

मी तिला आत नेऊन हलवलं. मावशी, तू होतीस ना त्या घरात! तू काय पाहिलंस ते आठव! ती म्हणे, “पाहिलं काहीच नाही गं. पण पोर एवढ्या लोकांपुढे खोटं बोलेल का? आणि हे तर स्वतःच कबूल करतायत.” झालं. बाबांमुळे मावशीला खरं वाटलं आणि मावशीमुळे बाबांना. बाहेर आले तर बाबा शांत बसलेले. कित्येक महिन्यांत इतके शांत दिसले नव्हते. मला म्हणाले, “बघ, आवडालापण ठाऊक होतं. तूच उगाच माझ्यासाठी भांडत होतीस. आता भांडू नकोस. मला माफी मिळाली.”

त्या दिवसापासून झोप लागते त्यांना. सकाळी ऊन येईपर्यंत झोपतात.

म्हणून म्हणते, येऊ नकोस. आता तू खरं सांगितलंस तर त्यांना काय मिळेल? मारलं नाही हे मिळेल, आणि पोटच्या पोराने आपल्याला विकलं हे मिळेल. पहिल्याची माफी तरी मिळाली त्यांना. दुसऱ्याचं काय करायचं ते त्यांना या वयात कोण शिकवणार? मी आता गप्प बसणार आहे. तू जिंकलास. मी तुझ्या गोष्टीत राहते आता, तुझी मोठी बहीण म्हणून, जिने खूप सोसलं.

एका कामापुरतं लिहितेय. इथल्या व्यसनमुक्ती मंडळाने बाबांचा सत्कार ठरवलाय. शाल, श्रीफळ आणि चार शब्द. त्यांच्यात रीत आहे, माणसाने दारू सोडली तो दिवस त्याचा वाढदिवस म्हणून करायचा, केक कापायचा. मंडळाचे लोक काल येऊन बसले आणि विचारलं, काका, तुमची दारू कधी सुटली? तारीख केकवर घालायचीय. बाबांनी खूप वेळ आठवायचा प्रयत्न केला. डोळे मिटून, बोटं मोजून. आठवेना तेव्हा ओशाळले. म्हणाले, “साईला विचारा. त्याला सगळं आठवतं.”

रविवारी कार्यक्रम आहे. शनिवारपर्यंत त्यांना हवीय.

तारीख कळव.

संचिता